भिंतीवरून उतरलेले कागद

काही चित्रे टिकावीत म्हणून काढली जातात, तर काही चित्रे आपले काम करून संपून जावीत म्हणून. वेदीमागील चित्र किंवा राजवाड्यातील पूर्वजाचे तैलचित्र हे पहिल्या वर्गातले. चित्रपटाचे पोस्टर दुसऱ्या वर्गातले. खळ लावून ते भिंतीवर डकवायचे, आठवडाभर त्याने ऊन-पाऊस सोसायचा आणि पुढच्या शुक्रवारी त्याच्याच अंगावर दुसरे पोस्टर चढायचे, एवढेच त्याचे आयुष्य. असे असताना जगात हजारो माणसे ही पोस्टरे गोळा करतात, कापडावर चढवून घेतात, काचेत बसवतात आणि त्यासाठी भारी किंमत मोजतात. या छंदाकडे केवळ श्रीमंतांची हौस म्हणून पाहणे सोपे आहे. तथापि संग्रह करणे म्हणजे निवड करणे, आणि निवड करणे म्हणजे एक प्रकारचा कलाविषयक निवाडा देणे होय. म्हणून संग्राहकाच्या निवाड्याची समीक्षा व्हावयास हवी. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

पोस्टरांच्या संग्राहकांत एक वेगळा पंथ आहे तो जुन्या ब्रिटिश विज्ञानपटांच्या पोस्टरांचा. ब्रिटनमधील चित्रपटगृहांसाठी छापले जाणारे प्रमाण पोस्टर आडवे असे: रुंदी ४० इंच आणि उंची ३० इंच. त्याला तिकडे ‘क्वाड’ म्हणतात. आपल्याकडील पोस्टरही साधारण याच मापाचे, मात्र उभे. आडव्या कागदाची रचना निराळी होते. उभ्या कागदावर नायकाचा चेहरा वर आणि बाकीचा पसारा खाली, अशी उतरंड सहज लागते. आडव्या कागदावर मात्र एका बाजूला संकट, दुसऱ्या बाजूला पळणारी माणसे आणि मध्ये ठळक अक्षरांतले नाव, असा एक प्रसंगच उभा करता येतो. भयाचे चित्रण करावयास हा आकार फार सोयीचा ठरला.

भय हाच त्या पोस्टरांचा मुख्य रस होता. १९५१ साली ब्रिटिश सेन्सॉरने ‘एक्स’ हे प्रमाणपत्र सुरू केले. सोळा वर्षांखालील कोणालाही असा चित्रपट पाहता येत नसे. एखाद्या निर्मात्याने हे अक्षर कलंक मानले असते, परंतु हॅमर या कंपनीने त्याचेच भांडवल केले. नायजेल नील यांची बी.बी.सी.वरील १९५३ सालची दूरचित्रवाणी मालिका तिने १९५५ साली पडद्यावर आणली, तेव्हा ‘एक्सपेरिमेंट’ या शब्दातील पहिले अक्षरच गाळले आणि ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ असे नाव मोठ्या ‘एक्स’ने छापले. अंतराळातून परतलेला एक माणूस हळूहळू माणूसपण गमावतो आणि त्याचा शेवट वेस्टमिन्स्टर ॲबीत होतो, अशी ही कथा. राजाच्या राज्याभिषेकाची जागा असलेल्या त्या प्राचीन मंदिरात अंतराळातून आलेले अरिष्ट शिरावे, ही कल्पना महायुद्धानंतरच्या ब्रिटिश मनाची भीती नेमकी पकडते. बाहेरच्या शत्रूला हरवले, पण आपणच आकाशात सोडलेल्या यानातून काय परत येईल याची खात्री कोणालाच नव्हती.

१९६० सालच्या ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’ या चित्रपटाच्या पोस्टरांवर मुलांचे चमकणारे डोळे दिसतात. एका शांत इंग्रजी खेड्यात जन्मलेली ही मुले आईबापांचीच मने ताब्यात घेतात. १९६१ सालच्या ‘द डे द अर्थ कॉट फायर’ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी एकाच वेळी केलेल्या अणुचाचण्यांमुळे पृथ्वी आपल्या मार्गावरून ढळते, लंडन होरपळते आणि टेम्स आटते. शेवटी वृत्तपत्राच्या छापखान्यात दोन मथळे तयार ठेवलेले दिसतात. एक जग वाचल्याचा, दुसरा जग बुडाल्याचा. कोणता छापला जाणार हे चित्रपट सांगत नाही. ही पोस्टरे आज एकत्र मांडली तर ती चित्रपटांची जाहिरात राहत नाहीत. एका पिढीला रात्री झोप का लागत नव्हती, याची ती नोंद ठरतात.

पोस्टर आणि चित्रपट यांचे नाते येथे बारकाईने तपासले पाहिजे. पोस्टर हे चित्रपटाचे सार आहे असे आपण समजतो, ते खरे नव्हे. हॅमरचे प्रमुख जेम्स कॅरेरास पुष्कळदा केवळ एक नाव आणि एक रंगवलेले चित्र वितरकांपुढे ठेवून पैसा उभा करीत. चित्रपट नंतर बनत असे. अर्थात, त्या वेळी चित्रकाराला चित्रपट पाहण्याचा प्रश्नच नव्हता. तो आपल्या कल्पनेतून एक आश्वासन रंगवीत असे, आणि दिग्दर्शकाने ते जमेल तेवढे पाळायचे. पुष्कळदा ते पाळले जात नसे. पोस्टरवरचा राक्षस आकाशाला भिडलेला, तर पडद्यावरचा रबराचा आणि अंधारात लपवलेला. प्रेक्षकाची ही फसवणूक होती हे मान्य केले पाहिजे. परंतु समीक्षकाच्या दृष्टीने या फसवणुकीतच पोस्टरचे मोल आहे. चित्रपट काय होता हे पोस्टर सांगत नाही. लोकांना कोणते आश्वासन दिले असता ते खिशातून पैसे काढतील, हे मात्र ते अचूक सांगते. म्हणून समाजाच्या आशा आणि भये यांचा शोध घ्यावयाचा तर चित्रपटाइतकाच, क्वचित अधिक, उपयोग त्याच्या पोस्टराचा होतो.

हा निकष आपल्या भूमीला लावून पाहिला तर काय दिसते? मोखाडा तालुक्यातील खोडाळ्याहून डोंगर ओलांडले की त्र्यंबक येते. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी तेथलाच. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फाळके लोणावळ्याजवळच्या रविवर्मा छापखान्यात काम करीत होते. शिळाछापाच्या दगडावरून एका देवाचे चित्र हजारो घरांत कसे पोचते, हे त्यांनी तेथे पाहिले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत लागला. त्यांच्या चित्रपटाची जी जाहिरात आजही सांगितली जाते, तिची भिस्त चित्रावर नव्हती, आकड्यांवर होती: इतकी हजार छायाचित्रे, इतके मैल लांबीची फीत आणि हे सारे अवघ्या काही आण्यांत! चमत्काराचे ते आश्वासन शब्दांनी दिलेले होते. त्याला रंग आणि आकार दिला तो कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर यांनी. नाटकांचे पडदे रंगवण्यात मुरलेला हा कलावंत. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे पोस्टर हे आज हाती असलेल्या भारतीय सचित्र पोस्टरांपैकी सर्वांत जुने मानले जाते. त्याआधीची किती भिंतींवरून गळून गेली त्याची गणती नाही.

१९३६ हे वर्ष या तुलनेसाठी विशेष बोलके आहे. त्या वर्षी लंडनमध्ये अलेक्झांडर कोर्डा यांचा ‘थिंग्ज टु कम’ प्रदर्शित झाला. कथा-पटकथा एच. जी. वेल्स यांची. त्यात १९४० च्या नाताळात युद्ध सुरू होते, नगर उद्ध्वस्त होते, रोगराई पसरते आणि अखेर विज्ञाननिष्ठ माणसे नवे शहर उभारून २०३६ साली दोघा तरुणांना एका प्रचंड तोफेतून चंद्राकडे धाडतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रभातचा ‘संत तुकाराम’ मुंबईत लागला. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस यांची भूमिका. एकाच चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिस येथे त्याचा गौरव झाला. त्याच्याही अखेरीस आकाशात उड्डाण आहे. गरुडाचे विमान येते आणि तुकोबा सदेह वैकुंठाला जातात. एकाच वर्षी दोन देशांतल्या कलावंतांनी लाकूड, तारा आणि कॅमेऱ्याच्या करामती वापरून माणूस आकाशात पाठवला. एकाने तो येणाऱ्या काळाकडे पाठवला, दुसऱ्याने पुराणाकडे. कोणते उड्डाण श्रेष्ठ हा प्रश्न गैरलागू आहे. परंतु आपल्या पोस्टरांवर यंत्र, रॉकेट, परग्रह इतके क्वचित का दिसतात याचे उत्तर येथे सापडते. अद्भुताची आपली भूक पुराणे भागवीत होती. दारा सिंगचा ‘चाँद पर चढाई’ (१९६७) सारखे हिंदी चित्रपट आले ते अपवाद म्हणून. मराठीत विज्ञानकथा रुजली ती कागदावर. जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले, आणि पुढे या कथाप्रकाराला वाचकवर्ग लाभला. मराठी पडद्यावर मात्र तो फारसा उतरला नाही.

ही तुलना आपण करू शकतो ती कोणीतरी हे कागद जपले म्हणूनच. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या ध्येयवेड्या माणसाने फितींबरोबर पोस्टरे, गाण्यांची पुस्तिका, छायाचित्रेही गोळा केली. मुंबईत चोरबाजारातील मटन स्ट्रीटच्या दुकानदारांनी रद्दीत जाणारे गठ्ठे वाचवले. त्यांचा हेतू व्यापाराचा असला तरी परिणाम संरक्षणाचाच झाला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २००२ साली हिंदी चित्रपटांच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरवले, त्यानंतर आपल्याकडच्या अनेकांना आपल्याच भिंतींवरच्या कलेची किंमत कळली. परक्याने नावाजल्यावाचून घरच्या वस्तूकडे न पाहण्याची आपली सवय जुनी आहे.

येथपर्यंत संग्राहकाचे ऋण मान्य केले पाहिजे. आता त्याच्या निवाड्यातील उणिवांकडे वळू.

पहिली उणीव अशी की, बाजार पोस्टरची किंमत चित्रपटाच्या नावावरून आणि कागदाच्या कोरेपणावरून ठरवतो. जुनी ब्रिटिश पोस्टरे घडी घालूनच चित्रपटगृहांकडे धाडली जात. त्या घडीच्या रेषा म्हणजे पोस्टराने केलेल्या प्रवासाच्या खुणा. आज कुशल कारागीर त्या रेषा भरून काढतात, फाटलेले कोपरे नव्याने रंगवतात आणि कागद जणू कालच छापला असा दिसू लागतो. कापडावर चढवून कागदाला आधार देणे ही शुश्रूषा झाली. त्यावरची वयाची प्रत्येक खूण पुसून टाकणे हा मात्र इतिहासावरचा अत्याचार होय. खळीचा डाग, खिळ्याचे भोक, खेळाची वेळ सांगणारी चिकटवलेली पट्टी, यांमुळेच तो कागद एका विशिष्ट भिंतीवर, एका विशिष्ट गावी होता हे आपणांस कळते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ती नावाची. ज्याने चित्र काढले त्याचे नाव पुष्कळ संग्रहांत नसते. पन्नासच्या दशकातील कितीतरी ब्रिटिश पोस्टरांवर कलावंताची सही नाही. टॉम शांट्रेल यांच्यासारख्या थोड्यांची नावे आज आपण घेतो. ‘क्वाटरमास अँड द पिट’ (१९६७) चे क्वाड त्यांचे. १९६८ च्या एका ड्रॅक्युलापटाच्या पोस्टरसाठी तर त्यांनी स्वतःचाच चेहरा नमुना म्हणून वापरला. लाखो लोकांनी त्यांचा चेहरा पाहिला, पण तो कोणाचा हे जाणणारे किती असतील? आपल्याकडे हीच कहाणी अधिक करुण आहे. कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी ‘मुघल-ए-आझम’ ची भव्य फलकचित्रे रंगवली. शिवाजी महाराजांचे जे चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत मानले तेही त्यांच्याच कुंचल्याचे. ‘दीवार’ (१९७५) च्या पोस्टरवरील तो खरखरीत, सुरीने ओढल्यासारखा रंग दिवाकर करकरे यांचा. ही नावे निदान उरली. त्यांच्या हाताखाली अक्षरे काढणारे, दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर चित्र उलटे उतरवणारे, प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा बांधणारे कारागीर कोण होते? नटाचे नाव पोस्टरवर हातभर अक्षरांत, निर्मात्याचे वितभर अक्षरांत आणि चित्रकाराचे कोपऱ्यात मुंगीएवढे, तेही असले तर. पोस्टर भिंतीवरून गळले तेव्हा या माणसांचे एकदा विस्मरण झाले. संग्राहकाने नाव न शोधता ते काचेत बसवले की त्यांचे दुसऱ्यांदा विस्मरण होते, आणि हे दुसरे विस्मरण कायमचे असते.

या विधानाची प्रचीती घेण्यासाठी आम्हां जव्हार-मोखाड्याच्या रहिवाशांना दूर जावे लागत नाही. वारली घरांतील लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर लिहितात. चौक टिकावा अशी अपेक्षाच नसते. लग्न पार पडले, भिंत पुन्हा सारवली की तो गेला. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली आणि डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांचे नाव जगभर झाले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तो सन्मान सर्वथा यथोचित होता. परंतु पिढ्यान् पिढ्या भिंतीवर चौक लिहिणाऱ्या स्त्रियांपैकी किती जणींची नावे आज कोणत्याही संग्रहाच्या वहीत आहेत? कागद टिकला, रेषा टिकली, पण ती रेषा प्रथम ज्या हातांनी ओढली ते हात अनामच राहिले.

या उलट बोहाड्याचे उदाहरण पाहावे. मोखाडा-जव्हार भागात होळीनंतरच्या दिवसांत बोहाड्याची सोंगे निघतात. देवांचे, दानवांचे, पशूंचे भव्य मुखवटे चढवून, वाद्यांच्या तालावर रात्र जागवली जाते. हे मुखवटेही एका परीने चित्रेच आहेत आणि तेही जपले जातात. पण त्यांचे जपणे संग्राहकाच्या जपण्याहून भिन्न आहे. कोणते सोंग कोणत्या घराण्याने घ्यावयाचे हे गावाला ठाऊक असते. मुखवट्याचा रंग उडाला तर पुन्हा रंग देतात, कारण पुढच्या वर्षी तो पुन्हा नाचणार असतो. येथे वस्तू, माणूस आणि जागा यांची गाठ सुटलेली नाही. तोच मुखवटा शहरातील दिवाणखान्यात भिंतीवर टांगला की तो फक्त ‘आदिवासी कला’ उरतो. कोणत्या गावचा, कोणत्या घरचा, कोणत्या सोंगाचा, हे सारे गळून जाते. पोस्टर पुन्हा भिंतीवर नाचणार नाही हे खरे. म्हणूनच तर ते कोणाचे आणि कुठले हे लिहून ठेवण्याची जबाबदारी अधिक.

तेव्हा चांगल्या संग्रहाची कसोटी कोणती? आमच्या मते तीन प्रश्नांची उत्तरे जो संग्रह देऊ शकतो तो चांगला, मग त्यात पाचशे कागद असोत की पाच. हे कोणी काढले आणि कोठे छापले? हे कोणत्या गावी, कोणत्या साली लागले? आणि याने पाहणाऱ्याला कोणते आश्वासन दिले? पहिला प्रश्न न्यायाचा आहे, दुसरा इतिहासाचा, तिसरा समीक्षेचा. किंमत किती, हा चौथा प्रश्न बाजाराचा. तो विचारू नये असे नव्हे, पण तो पहिला असू नये. या कसोटीवर आज लिलावांत गाजणारे अनेक संग्रह अपुरे पडतील आणि एखाद्या निवृत्त चित्रपटगृह-चालकाची पत्र्याची पेटी, जिच्यातील प्रत्येक घडीवर गाव आणि तारीख लिहिलेली आहे, ती अधिक मोलाची ठरेल.

नव्वदच्या दशकापासून संगणक आणि पुढे फ्लेक्स आले आणि हाताने रंगवलेले पोस्टर आपल्या भिंतींवरून जवळजवळ नाहीसे झाले. ज्यांनी ते रंगवले त्यांच्यातील अनेक जण आज हयात नाहीत. जे आहेत त्यांना विचारण्याचा अवधी थोडा उरला आहे. कागद आणखी पन्नास वर्षे टिकेल, कारण त्याला आता किंमत आली आहे. आठवणीला तशी किंमत आलेली नाही.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनाही या प्रश्नाशी काही देणेघेणे आहे. सणावाराच्या नाटकांची हस्तपत्रके, संगीत मेळ्यांचे फलक, ग्रामसभागृहासाठी कोणा हौशी चित्रकाराने रंगवलेला पडदा, हेही सारे संपून जाण्यासाठी निर्माण झालेलेच कागद आणि कापड. माळ्यावरच्या ट्रंकेत असा एखादा कागद निघाला तर त्याला काचेत बसवण्याची घाई करू नये. त्याच्या मागच्या बाजूला मऊ शिशाच्या पेन्सिलीने तीन ओळी लिहाव्यात: चित्र कोणाचे, खेळ कुठला, साल कोणते. शाईने लिहू नये, शाई कागदाच्या पोटातून पुढे फुटते. आणि ज्यांना या तीन ओळींची उत्तरे ठाऊक आहेत अशा घरातल्या वडीलधाऱ्यांना ती आजच विचारून घ्यावीत.